कुलूप, किल्ली आणि नक्कल : संगणकखेळांतील नक्कल-प्रतिबंधाचा इतिहास

(१)

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड हे गाव आहे. गावालगतच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांचे भाविक तेथे जातात. या टेकडीवर गोलसर खडे विपुल आढळतात. काळ्या खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइट वर्गातील खनिजे साचून असे खडे बनतात, हे भूशास्त्राचे स्पष्टीकरण होय. लोकपरंपरेचे स्पष्टीकरण निराळे आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गॅझेटिअरांत ते नोंदलेले सापडते. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी या साधुपुरुषाची थट्टा केली. तेव्हा त्यांच्याजवळील नारळ आदी सर्व मालाचे दगड झाले. व्यापारी शरण आले. मग साधूने वाळलेल्या पानांपासून त्यांना नवा माल निर्माण करून दिला, आणि ते दोघे कायमचे त्याच्या सेवेत राहिले.

या कथेत तीन गोष्टी लक्ष देण्याजोग्या आहेत. पहिली अशी की मालाचा आकार कायम राहतो, केवळ उपयोग नाहीसा होतो. दुसरी अशी की अपराध जिभेचा असला तरी शिक्षा मालाला होते. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, ज्याने शाप दिला त्याच्याच हाती उःशाप असतो. तो टेकडीवर हयात आहे म्हणूनच व्यापाऱ्यांना मागे वळण्याचा मार्ग उरतो. संगणकखेळांच्या डिस्कवर गेल्या चार दशकांत जी नक्कल-प्रतिबंधक कुलपे घालण्यात आली, त्यांचा इतिहास या तीन सूत्रांच्या साहाय्याने समजून घेता येतो. मात्र त्या इतिहासात एक मोठा फरक आहे. तेथे ज्याचा माल दगड झाला तो बहुधा निरपराध होता, आणि उःशाप देणारा पुष्कळदा निघून गेलेला होता.

मराठीतील दोन शब्दांचा येथे उल्लेख करणे उचित ठरेल. ‘नक्कल’ हा शब्द अरबी ‘नक़्ल’ यापासून आलेला असून त्याच्या मुळाशी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे हा अर्थ आहे. ‘कुलूप’ हाही अरबीच; ‘क़ुफ़्ल’ या शब्दातील व्यंजनांची अदलाबदल होऊन तो मराठीत रूढ झाला. नक्कल म्हणजे मुळात स्थलांतर, आणि ग्रंथ काय, गाणे काय, खेळ काय, या सर्वांचे आयुष्य अशा स्थलांतरावरच अवलंबून असते. ताडपत्रावरून कागदावर, कागदावरून छापील पानावर, एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर अशी कृती हलत राहिली तरच ती टिकते. यावरून नक्कल-प्रतिबंधाच्या इतिहासाला विचारावयाचा मुख्य प्रश्न निश्चित होतो. कुलूप किती मजबूत होते, यापेक्षा किल्ली कोणापाशी होती आणि स्थलांतराची वाट कोणासाठी खुली होती, हे पाहणे अधिक फलदायी आहे.

(२)

संगणकीय कार्यक्रमांची नक्कल हा वादाचा विषय होण्यास १९७० नंतरच्या दशकात आरंभ झाला. १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले व मोबदला न देता कार्यक्रम उतरवून घेण्याच्या प्रथेवर टीका केली. त्यांच्या तक्रारीत तथ्य होते. कॅसेट व फ्लॉपी यांच्यावरील मजकूर उतरविण्यास खर्च जवळजवळ येत नसे, आणि लहान निर्मात्याची महिन्यांची मेहनत एका दुपारी गावभर पसरे. भारतातही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांत अशा उतरविलेल्या प्रतींचा व्यापार दीर्घकाळ चालला, हे सर्वविदित आहे. नक्कल-प्रतिबंधाची गरज निर्मात्यांना काल्पनिक भीतीतून वाटली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

प्रारंभीची कुलपे संगणकाच्या बाहेर असत. काही निर्माते फ्लॉपीवर मुद्दाम सदोष भाग ठेवीत; नक्कल करणाऱ्या यंत्राला तो दोष उतरविता येत नसे, आणि तो दोष नसलेली प्रत चालत नसे. अन्य काही खेळ पुस्तिकेतील अमुक पानावरचा अमुक शब्द विचारीत. १९९० मधील ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या खेळासोबत कागदाची फिरती चकती येई. ती फिरवून मिळणारा अंक भरल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. १९८५ मध्ये स्पेक्ट्रम संगणकासाठी निघालेल्या ‘एलिट’ या खेळासोबत ‘लेन्सलॉक’ नावाचे प्लॅस्टिकचे भिंग देण्यात आले होते. पडद्यावरील विस्कटलेली अक्षरे त्यातूनच वाचता येत. पण दूरचित्रवाणी संच फार मोठा किंवा फार लहान असला की भिंग निरुपयोगी ठरे. शिवाय पहिल्या काही शेकडा प्रतींत चुकीचे भिंग गेले होते. रोख पैसे मोजून आणलेला खेळ घरात असूनही तो उघडेना, असा अनुभव ग्राहकांना येथूनच येऊ लागला. तरीही या कुलपांची एक मर्यादा होती. ती खेळापुरती असत. खेळ बाजूला ठेवला की त्यांचा त्रास संपे.

त्या सुमारास उपखंडात घडलेली एक घटना पुढील काळाची सूचना देणारी ठरली. १९८६ मध्ये लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनी ‘ब्रेन’ नावाचा कार्यक्रम लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या अनधिकृत प्रती ओळखता याव्यात हा आपला हेतू होता, असे त्यांनी सांगितले. फ्लॉपीच्या आरंभभागात तो स्वतःस लिहून घेई आणि त्यात त्यांच्या दुकानाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक असत. आयबीएम जातीच्या वैयक्तिक संगणकांवरील पहिला विषाणू म्हणून आज त्याची नोंद होते. नक्कल करणाऱ्याचा माग काढण्यासाठी सोडलेला पहारेकरी भलत्याच घरांत शिरला, आणि पहारा व घुसखोरी यांतील रेषा पुसली गेली.

(३)

१९९० नंतरच्या दशकात खेळ सीडीवर येऊ लागले, आणि घरोघरी सीडी उतरविण्याची यंत्रेही आली. त्यानंतर कुलपाने आपली जागा बदलली. डिस्कवरून ते संगणकाच्या अंतर्भागात गेले. मॅक्रोव्हिजनचे ‘सेफडिस्क’, सोनीच्या डीएडीसी या शाखेचे ‘सेक्यूरॉम’ आणि रशियातील ‘स्टारफोर्स’ ही त्या काळातील प्रमुख नावे होत. त्यांपैकी सेफडिस्क व स्टारफोर्स यांची कार्यपद्धती समजण्यासाठी एक तांत्रिक बाब सांगितली पाहिजे. संगणकातील सामान्य कार्यक्रमांना मर्यादित अधिकार असतात, तर यंत्रभागांशी थेट व्यवहार करणाऱ्या ‘ड्रायव्हर’ नावाच्या घटकांना संगणकप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नेल’मध्ये, जवळजवळ अनिर्बंध अधिकार असतात. या कुलपांनी आपले ड्रायव्हर त्या गाभ्यात बसविले. घराच्या दाराला कुलूप लावण्याऐवजी पहारेकऱ्याला माजघरात मुक्कामास ठेवावे, तसा हा प्रकार झाला. खेळ काढून टाकल्यावरही पहारेकरी राहून जाई, आणि तो आला आहे हे घरमालकास बहुधा स्पष्टपणे सांगितलेले नसे. स्टारफोर्सविरुद्ध ग्राहकांचे आक्षेप इतके वाढले की यूबीसॉफ्ट या फ्रेंच प्रकाशनसंस्थेने एप्रिल २००६ मध्ये त्याचा वापर थांबविला.

घुसखोरीचे सर्वांत गाजलेले प्रकरण मात्र संगीताच्या सीडींचे होय. ऑक्टोबर २००५ च्या अखेरीस मार्क रुसिनोविच या संगणकतज्ज्ञाने असे दाखवून दिले की सोनी बीएमजीच्या काही सीडी संगणकात घातल्यावर एक लपून राहणारा कार्यक्रम आपोआप प्रस्थापित होतो. विशिष्ट चिन्हसमूहाने आरंभ होणारी कोणतीही फाइल तो वापरकर्त्याच्या नजरेआड करी. त्या आडोशाचा लाभ लवकरच विषाणू लिहिणाऱ्यांनी घेतला. एवढेच नव्हे, तर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात लबाडी करणाऱ्यांनीही आपली साधने खेळाच्या तपासनिसापासून लपविण्यासाठी त्याच आडोशाचा उपयोग केला. एका कुलपाने दुसऱ्या पहाऱ्याचे डोळे बांधावेत, असा विपरीत योग येथे जुळून आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या.

सेफडिस्कची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. त्याचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीसोबतच येत असल्याने ज्यांनी एकही खेळ विकत घेतला नव्हता, त्यांच्याही संगणकात तो वसत होता. २००७ मध्ये त्यात असा दोष आढळला की त्यातून परक्या कार्यक्रमास पूर्ण अधिकार मिळू शकत. डिसेंबर २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो दोष दुरुस्त केला. पुढे २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा सुरक्षिततेच्या कारणास्तव या ड्रायव्हरला त्यात प्रवेशच नाकारण्यात आला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जुन्या विंडोजमध्येही तो बंद करणारी दुरुस्ती वितरित झाली. निर्णय योग्य होता. परंतु त्याचा परिणाम असा झाला की सेफडिस्कचे कुलूप असलेल्या कित्येक खेळांच्या अस्सल डिस्क नव्या संगणकांवर चालेनाशा झाल्या. डिस्क अखंड, पावती जपलेली, वेष्टनावरचे चित्र जसेच्या तसे; पण आतील खेळ उघडत नाही. गिरडच्या टेकडीवरील नारळाची आठवण येथे व्हावी. विशेष असे की ज्यांनी कुलूप तोडलेली प्रत उतरवून घेतली होती, त्यांना ही अडचण आली नाही.

(४)

नियम पाळणारा अडावा आणि नियम मोडणारा सुटावा, ही विसंगती अपवादात्मक नव्हती. सप्टेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्पोर’ या खेळावर सेक्यूरॉमचे कुलूप असून एका प्रतीस आरंभी तीनच वेळा संगणकावर प्रस्थापित होण्याची मुभा होती. संगणक बदलणाऱ्या किंवा नव्याने सिद्ध करणाऱ्या ग्राहकास ही मुभा संपण्याची धास्ती होती. अॅमेझॉनच्या विक्रीपृष्ठावर प्रतिकूल अभिप्रायांचा वर्षाव झाला, न्यायालयात दावा दाखल झाला, आणि तरीही त्या वर्षी सर्वाधिक प्रमाणात अनधिकृतपणे उतरविल्या गेलेल्या खेळांत त्याची गणना झाली. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात यूबीसॉफ्टच्या ‘रेनबो सिक्स व्हेगास २’ या खेळाच्या एका दुरुस्तीनंतर, तो आंतरजालावरून विकत घेतलेल्या ग्राहकांकडे खेळ डिस्क मागू लागला. वस्तुतः त्यांना डिस्क कधी मिळालीच नव्हती. तेव्हा उपाय म्हणून जी फाइल कंपनीकडून देण्यात आली, ती कुलूप तोडणाऱ्या ‘रीलोडेड’ नावाच्या गटाने तयार केलेली असल्याचे उघडकीस आले. शाप कंपनीचा, उःशाप चोराचा.

२०१० मध्ये यूबीसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड २’ या खेळासाठी अशी योजना केली की खेळत असताना कंपनीच्या केंद्रीय संगणकाशी संपर्क अखंड राहिला पाहिजे. मार्च २०१० मध्ये त्या केंद्रावर हल्ला होऊन ते बंद पडले, तेव्हा घरी बसलेल्या ग्राहकांचे खेळही बंद पडले. येथे किल्ली ग्राहकाकडे देण्याची पद्धतच संपली. ती क्षणोक्षणी मागून आणावयाची वस्तू झाली. २०१४ पासून प्रचारात आलेले ऑस्ट्रियातील ‘डेनुव्हो’ हे कुलूप अधिक सूक्ष्म आहे. विक्रीच्या पहिल्या काही आठवड्यांत नक्कल रोखणे एवढाच त्याचा व्यवहार्य हेतू असतो, आणि काही प्रकाशक तो काळ उलटल्यावर ते काढूनही टाकतात. मुदत संपताच कुलूप काढण्याची ही रीत या इतिहासातील एक समंजस पाऊल मानावे लागेल. मात्र ती प्रकाशकाच्या इच्छेवर आहे, ग्राहकाच्या अधिकारात नाही.

(५)

या संपूर्ण प्रवासाशी ताडून पाहावे असे एक उदाहरण खुद्द मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. त्यांतील सर्वाधिक प्रसिद्ध अशी सकळ लिपी परंपरेने चौदाव्या शतकातील रवळोबास यांच्या नावावर सांगितली जाते. सुंदरी आदी आणखीही लिप्या होत्या. एका अक्षराच्या जागी ठराविक नियमाने दुसरे अक्षर वा चिन्ह योजणे हे त्यांचे साधारण तत्त्व. हेतूविषयी मते अनेक असली, तरी अनधिकारी हातांपासून ग्रंथाचे रक्षण हा त्यातील एक हेतू होता याविषयी दुमत नाही. हेही एक कुलूपच होते.

तथापि या कुलपाची रचना संगणकखेळांच्या कुलपापेक्षा मूलतः भिन्न आहे. महानुभावांनी वाचनावर निर्बंध घातला, पण नक्कल मोकळी ठेविली. दीक्षा घेतलेल्यास गुरूकडून किल्ली मिळे, आणि ती एकदा मिळाली की कोणाला विचारण्याचे कारण राहत नसे. पोथी उतरविणे हे पंथात पुण्यकर्म होते. किल्ली एका गादीवर वा एका मठात अडकलेली नव्हती. ती शेकडो कंठांत होती. म्हणूनच विदर्भातील ऋद्धपूरपासून पंजाब व पेशावरपर्यंत, जेथे जेथे पंथ गेला तेथे तेथे मराठी पोथ्या उतरविल्या गेल्या व टिकल्या. खेळांच्या कुलपाने नेमके उलट केले. वापर कोणालाही मोकळा, पण नक्कल निषिद्ध, आणि किल्ली एकाच संस्थेच्या हाती. पहिल्या रचनेने ग्रंथ सहा शतके जगविले. दुसरीने काही खेळांना वीस वर्षेही पुरी दिली नाहीत.

या तुलनेत महानुभावांच्या कुलपाची किंमतही नोंदविली पाहिजे. मराठीतील आद्य गद्याचा हा ठेवा शतकानुशतके बहुसंख्य मराठी भाषकांना अज्ञात राहिला, आणि न वाचलेल्या ग्रंथांविषयी गैरसमज मात्र फोफावले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला, पंथातील काही महंतांनी आपले ग्रंथ अभ्यासकांपुढे ठेविले, आणि पुढे ह. ना. नेने यांनी नागपुराहून व नंतर वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये ‘लीळाचरित्र’ संपादून प्रसिद्ध केले. कुलूप उघडण्याची ही क्रिया आज कोणी चौर्य मानीत नाही. मराठी भाषेच्या इतिहासाची उभारणीच तिच्यावर झाली आहे.

आधुनिक मराठीस दुसऱ्या जातीच्या कुलपाचाही अनुभव आहे. १९९० नंतर मराठी मुद्रणालयांत व कार्यालयांत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे ‘श्रीलिपी’ यासारखे अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर आले. त्यासोबत ‘डोंगल’ म्हणून ओळखले जाणारे यांत्रिक कुलूप मिळे. ते संगणकाला जोडल्याखेरीज सॉफ्टवेअर चालत नसे. शिवाय प्रत्येक निर्मात्याची अक्षरसंकेतव्यवस्था निराळी होती. तो विशिष्ट फाँट नसेल तर मजकुराच्या जागी निरर्थक रोमन चिन्हे दिसत. सॉफ्टवेअरवरील कुलूप व संकेतव्यवस्थेतील विसंवाद या तत्त्वतः दोन बाबी असल्या, तरी परिणाम एकच झाला : लेखकाने स्वतः लिहिलेला मजकूर त्याला दुसऱ्याच्या किल्लीने उघडावा लागू लागला. युनिकोडचा प्रसार झाल्यावर ही अडचण नव्या लेखनापुरती दूर झाली. त्या काळातील जुन्या फाइलींचे रूपांतर हे काम मात्र स्वतंत्रपणे करावे लागते.

(६)

कायद्याने या प्रश्नाकडे कसे पाहिले? भारतीय प्रताधिकार अधिनियम १९५७ चा आहे. त्याच्या कलम ५२ नुसार संगणकीय कार्यक्रमाच्या कायदेशीर धारकास हानी वा नाश यांपासून तात्पुरत्या संरक्षणासाठी राखीव प्रत करता येते. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ जोडले. अधिकारभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप भेदणाऱ्यास त्यान्वये दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. यातील ‘हेतूने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने कुलूप भेदणे हेच मुळात निषिद्ध ठरविले व ठराविक काळाने अपवाद जाहीर करण्याची सोय ठेविली. २००३ मध्ये बिघडलेल्या व कालबाह्य डोंगलना आणि कालबाह्य स्वरूपातील खेळांना असे अपवाद मिळाले. भारतीय कायदा हेतू पाहतो, ही त्याची अधिक उदार बाजू होय.

परंतु दुसऱ्या ठिकाणी हाच कायदा अपुरा पडतो. त्याच २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी कृतीची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिली. पण त्या ग्रंथालयाकडे कृतीची अ-डिजिटल प्रत आधीपासून असली पाहिजे, अशी अट घातली. छापील पुस्तकास ती अट सहज पूर्ण करता येते. जी कृती जन्मतःच डिजिटल आहे, मग ती खेळ असो वा संगणकावरच रचलेला कोश, तिची अ-डिजिटल प्रत कोठून येणार? १९५४ च्या ग्रंथप्रदान अधिनियमाची व्याप्तीही ग्रंथ व वृत्तपत्रे यांच्याभोवती आखलेली आहे. तात्पर्य, ज्या कृतींना कुलपामुळे सर्वाधिक धोका आहे, त्यांच्याच जतनासाठी ग्रंथालयांना दिलेला आधार सर्वांत दुबळा आहे.

या विवेचनातून निर्मात्याच्या हक्काचा निषेध निघत नाही. कष्टाचे मोल मागणे न्याय्य आहे आणि त्यासाठी काही काळ कुलूप घालणे समर्थनीय ठरू शकते. इतिहास एवढेच दाखवितो की कुलपाची मुदत ठरलेली असावी, ते खेळापुरते असावे, ग्राहकाच्या संगणकाच्या गाभ्यात त्याने ठाण मांडू नये, आणि त्याची एक किल्ली निर्मात्याबाहेर कोठेतरी, एखाद्या ग्रंथालयात वा अभिलेखागारात, ठेवलेली असावी. संस्था विकल्या जातात, केंद्रे बंद होतात, संगणकप्रणाली बदलतात. महानुभावांच्या पोथ्या उघडण्यासाठी रवळोबास हयात असण्याची आवश्यकता नव्हती. आजच्या खेळांचा, सॉफ्टवेअरचा आणि त्यांत अडकलेल्या मराठी मजकुराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या पुढील पिढीतील संशोधकास तशी सोय उपलब्ध असेल की नाही, हे आज किल्ल्या कोणाच्या स्वाधीन केल्या जातात यावर अवलंबून राहील.